हवा आली की सुटू

इगतपुरीच्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या खिडकीतून यार्ड दिसायचं. पावसाळ्यात मात्र ते नुसतं ऐकू यायचं. जूनमध्ये एकदा धुकं खाली उतरलं की रूळ, वाघिणी, सिग्नलचे खांब सगळं त्या पांढऱ्यात बुडून जायचं, आणि त्यातून मधूनच एक लांब ‘फुस्स्’ असा आवाज यायचा. आई म्हणायची, गाडीनं उसासा टाकला. अण्णा मालगाडीवर गार्ड होते. ते घरात असले तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगायचे, “हवा सोडली त्यानं. आता ती जागची हलणार नाही.”

हवा हा आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा रोजचा शब्द होता. कॉलबॉय रात्री-अपरात्री येऊन ड्यूटीच्या वहीवर सही घेऊन जायचा, आई भाकरी आणि लसणाची चटणी बांधून द्यायची, अण्णा कंदील आणि झेंड्या तपासायचे. आम्ही विचारायचो, गाडी किती वाजता? उत्तर ठरलेलं, “हवा आली की सुटू.” पुढे हे वाक्य सगळ्यालाच लागू झालं. कुणाच्या लग्नाला निघायचं असलं आणि आईची साडी नेसून व्हायची असली, की अण्णा दारात चपला घालून उभे आणि तिथूनच हाक, “हवा आली का गं?”

मला लहानपणी वाटायचं, हवा म्हणजे ब्रेक. हवा भरली की चाकं धरली जात असणार, सायकलचा ब्रेक दाबल्यावर धरली जातात तशी. मग हवा आल्यावर गाडी सुटते कशी? नऊ-दहा वर्षांची असेन. अण्णांशी मी त्यावर चांगलाच वाद घातला. त्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांवरचा लाकडी चिमटा काढला आणि माझ्या हातात दिला.

“दाब.”

मी दाबला. चिमट्याचं तोंड उघडलं. त्यांनी त्यात बोट घातलं.

“आता सोड.”

सोडला, तर चिमट्यानं बोट पकडलं. “बघ,” ते म्हणाले, “तू दाबून धरलं होतंस तोवर माझं बोट मोकळं होतं. तुझा हात दमला, निसटला, कुणी ओढला, काही झालं तरी चिमटा आपला आपण धरणार. गाडीतली हवा म्हणजे तुझा हात. हवा आहे तोवर चाक मोकळं. हवा गेली की चाक धरलं.”

हा उलटा विचार ज्या माणसानं केला त्याचं नाव मला फार उशिरा कळलं. अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांची जुनी कागदपत्रं लावताना ब्रेकच्या प्रशिक्षणाची एक वही हाती लागली. अण्णांच्या हातच्या नळ्या, टाक्या, बाणांच्या आकृत्या. ते कोडं कुणी सोडवलं असेल म्हणून शोधत गेले आणि जॉर्ज वेस्टिंगहाउस सापडला. आपल्याकडे हे नाव कुणाला ठाऊक असलंच तर विजेमुळे ठाऊक असतं, टेस्लाच्या गोष्टीतला एक श्रीमंत कारखानदार म्हणून. माझ्यासाठी तो अण्णांच्या ब्रेकव्हॅनमधला, म्हणजे मालगाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यातला माणूस आहे.

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज नावाच्या खेड्यातला. वडिलांचं नावही जॉर्जच. ते शेतीची अवजारं बनवायचे, मुख्य म्हणजे मळणी यंत्रं. १८५६ साली त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना स्केनेक्टडीला हलवला, एरी कालव्याच्या काठी. मळणी यंत्रं, गिरण्यांचे सुटे भाग, छोटी वाफेची इंजिनं असं तिथं होत असे. पोरगा शाळेत रमेना. तो या कारखान्यात वाढला.

मला हे वाचताना आजोळ आठवलं. सिन्नरकडे आईचं माहेर. गव्हाच्या हंगामात तिथं मळणी यंत्र यायचं. लांबलचक पट्टा इंजिनाच्या चाकावरून यंत्राच्या चाकावर चढवायचा, पेंढ्या वरच्या तोंडात द्यायच्या, एका बाजूला दाणा आणि दुसऱ्या बाजूला भुसा. त्या यंत्राजवळ उभं राहिलेल्या पोराला काही गोष्टी कुणी न शिकवता कळतात. फिरणाऱ्या चाकात किती जोर साठलेला असतो, पट्टा सटकला तरी ते चाक कितीतरी वेळ फिरतच राहतं, आणि मामा ओरडले तरी ते थांबत नाही. यंत्र सुरू करणं सोपं आणि थांबवणं अवघड, हे ज्याला लहानपणी दिसलं तोच पुढे थांबवण्याच्या मागे लागतो, असं मला आपलं वाटतं. वेस्टिंगहाउसनं तसं कुठं लिहून ठेवलेलं नाही. हा माझा तर्क आहे, आणि मळणीच्या खळ्यावर उभं राहिलेल्या कुणालाही तो पटेल.

मध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध आलं. पंधरा-सोळाचा जॉर्ज सैन्यात जायला निघाला होता, पुढे गेलाही. आधी घोडदळात, मग नौदलात इंजिनावर. त्याचा भाऊ आल्बर्ट त्या युद्धात मारला गेला. परत आल्यावर युनियन कॉलेजात नाव घातलं आणि एका सत्रातच ते सोडलं. १८६५ साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्याच्या नावावर पहिलं पेटंट झालं, फिरत्या वाफेच्या इंजिनाचं. त्याच १८६५ सालात आपल्याकडे थळघाट चढून रेल्वे इगतपुरीला पोचली. हजारो मजुरांनी सुरुंग आणि हातोड्यांनी फोडलेला तो घाट. दर ३७ फुटांना एक फूट उतार. गाडी वर चढवणं एक आणि खाली उतरवणं दुसरं, आणि उतरणारी गाडी हाताबाहेर गेलीच तर ती उलट्या चढावर वळवून दमवायची म्हणून बोरघाटात आणि थळघाटात मुद्दाम बांधलेल्या आडलाइनी. आम्ही त्यांना कॅच सायडिंग म्हणतो. त्या काळच्या इंजिनिअरांनी घाटात किती भीती मनात ठेवून रूळ टाकले असतील, ते त्या आडलाइनी बघून कळतं.

वेस्टिंगहाउसचा रेल्वेशी पहिला संबंध एका खोळंब्यातून आला. रुळावरून उतरलेले डबे माणसं पहारींनी एकेक करून वर चढवत होती आणि मागे त्याची गाडी अडकून पडली होती. त्याला वाटलं, हे इंजिनाच्याच जोरानं ओढून रुळावर घेता येईल. तसं साधन त्यानं केलं. मग रूळ जिथं एकमेकांना छेदतात तिथला झिजणारा तुकडा पोलादाचा आणि उलटवून पुन्हा वापरता येईल असा केला. हाच काय तो त्याचा भांडवलाचा आरंभ.

आणि मग १८६६ची टक्कर. स्केनेक्टडी आणि ट्रॉयच्या मध्ये, स्वच्छ दिवसा, सरळ रुळावर दोन मालगाड्या समोरासमोर आल्या. दोन्ही चालकांना एकमेकांची गाडी दिसत होती. थांबायला वेळ होता, थांबवायचं साधन नव्हतं.

त्या काळी गाडी कशी थांबायची ते सांगायलाच हवं, कारण या माणसाचं मोठेपण तिथं आहे. चालक शिट्टी द्यायचा. ती ऐकून ब्रेकमन नावाची माणसं डब्यांच्या टपावर चढायची, टपावरून पळत एकेका डब्याच्या टोकाला जायची आणि तिथलं लोखंडी चाक हातानं आवळायची. एक डबा झाला की उडी मारून पुढचा. पावसात, बर्फात, रात्री, हलत्या टपावर. रुळावरचा पूल ठेंगणा असेल तर तो अंधारात डोक्यात बसू नये म्हणून पुलाच्या अलीकडे दोऱ्या टांगलेल्या असत. त्या तोंडाला लागल्या की खाली बसायचं. यात कितीतरी तरणी पोरं मेली, कितीतरी जन्माची पंगू झाली. डबे जोडताना बोटं गेलेली असणं ही तर या कामातल्या माणसाची ओळखच होती.

ब्रेक डब्यावरच्या माणसाच्या हातातून काढून चालकाच्या हातात द्यायचा, हे वेस्टिंगहाउसनं ठरवलं. साखळी वापरून पाहायचा विचार केला, वाफेचा केला. वाफ लांबच्या नळीत थंड होऊन पाणी होते, तिचा जोर मरतो. अडकून बसला असताना एका मासिकात त्यानं आल्प्स पर्वतातल्या माँ सनी बोगद्याबद्दल वाचलं. फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये तो बोगदा खणला जात होता, आणि डोंगराच्या पोटात हजारो फूट आत, दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रं खडक फोडत होती. हवा थंड झाली तरी पाणी होत नाही. नळीतून ती लांब जाते आणि शेवटच्या टोकालाही तिच्यात जोर असतो. त्याला पाहिजे होतं ते सापडलं.

पैसेवाल्यांनी त्याला हसून वाटेला लावल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. रेल्वेसम्राट व्हँडरबिल्टनं ‘वाऱ्यानं गाडी थांबवणार?’ म्हणून उडवून लावलं असं सांगतात. पण एक रेल्वे चाचणीला तयार झाली. पिट्सबर्गहून स्टूबेनव्हिलकडे जाणाऱ्या मार्गावर ब्रेक लावलेली गाडी निघाली. डॅनियल टेट नावाचा चालक. बोगद्यातून गाडी बाहेर पडते तोच समोर रुळावर घोडागाडी, आणि तिच्यावरचा माणूस रुळांमध्ये पडलेला. टेटनं हात मारला. डब्यातली बडी मंडळी आपटली, कुणी जागेवरून खाली पडलं. गाडी त्या माणसापासून चारेक फुटांवर थांबली. चाचणी पुढे करायची गरजच उरली नाही. १३ एप्रिल १८६९ला पेटंट मिळालं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी पिट्सबर्गला वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनी उभी राहिली.

(पेटंटनंतर दोन महिन्यांनी, २० जून १८६९ला, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. लोखंडी नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रापासून सुरुवात करून कुंडलजवळच्या माळावर कारखान्याचं गाव वसवणारा आमचा माणूस. वेस्टिंगहाउसबद्दल वाचताना मला सारखे लक्ष्मणराव आठवत होते. दोघांचीही बोटं आधी शेताच्या अवजारांवर चालली, आणि दोघांनाही कारखान्याबरोबर माणसांच्या राहण्याची काळजी होती.)

आता चिमट्याकडे येते. १८६९चा ब्रेक हा चिमटा नव्हता. तो मला लहानपणी वाटायचा तसाच सरळ ब्रेक होता. इंजिनावर हवेची टाकी. चालकानं हवा सोडली की ती नळीतून सगळ्या डब्यांखाली जायची आणि ब्रेक दाबायची. गाडी थांबायची, माणूस वाचायचा, सगळे खूश. पण नळी फुटली तर? दोन डब्यांमधली जोडणी तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तर? ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच क्षणी तो नाहीसा होणार. आणि मागचा तुकडा उताराला लागला असला तर तो मोकळा सुटणार.

दुसरा एखादा कारखानदार इथं थांबला असता. माल खपत होता, रेल्वे कंपन्या मागणी नोंदवत होत्या. वेस्टिंगहाउस थांबला नाही, आणि मला तो इथं सर्वांत आवडतो. त्यानं स्वतःच्याच यशस्वी यंत्राची बाजू उलटी केली. १८७२मध्ये त्यानं प्रत्येक डब्याखाली हवेची एक छोटी टाकी बसवली आणि तिच्याजवळ एक झडप. ट्रिपल व्हॉल्व, तीन कामं करणारी म्हणून. नळीत हवेचा दाब भरला की ही झडप आधी डब्याची टाकी भरून घेते आणि ब्रेकच्या सिलिंडरमधली हवा बाहेर सोडून चाक मोकळं करते. नळीतला दाब उतरला की झडप सरकते, टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाते आणि चाक धरलं जातं. मग दाब चालकानं उतरवलेला असो, गार्डनं उतरवलेला असो, प्रवाशानं साखळी ओढून उतरवलेला असो किंवा गाडी तुटून आपोआप उतरलेला असो. झडप कारण विचारत बसत नाही. तुटलेल्या गाडीचे दोन्ही तुकडे आपापल्या टाकीतल्या हवेवर थांबतात.

अण्णांच्या वहीत या झडपेची आकृती तीन वेळा काढलेली आहे. पहिली खाडाखोड केलेली, दुसरी बरी, तिसरी पट्टीनं आखलेली आणि खाली तारीख. मी ती तिसरी आकृती फार वेळ बघत बसले होते. पोर झोपल्यावर, रात्रपाळी नसलेल्या एखाद्या रात्री, कंदिलाच्या काचा पुसून झाल्यावर त्यांनी ती काढली असणार.

हा फरक किती मोठा आहे ते आयर्लंडमधल्या आर्माच्या अपघातानं दाखवलं. १२ जून १८८९. रविवारच्या शाळेतली मुलं आणि त्यांची माणसं समुद्रावर सहलीला निघाली होती. पंधरा डबे, खच्चून भरलेले, दारांना बाहेरून कुलपं. इंजिनाला चढ झेपेना. वरच्या टोकाजवळ गाडी अडली. तेव्हा ठरलं, पुढचे पाच डबे आधी वर नेऊन ठेवायचे आणि मग परत येऊन उरलेले दहा न्यायचे. या गाडीला हवा शोषून घेणारा व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा, म्हणजे इंजिनाशी जोडलेला असेल तोवरच लागणारा. जोड सोडल्याबरोबर मागच्या दहा डब्यांचा ब्रेक गेला. राहिला शेवटच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली घातलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, त्याचा धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि दहा डबे मुलांसकट उताराला लागले. खालून, त्यांच्यानंतर सुटलेली दुसरी गाडी येत होती. ८० माणसं गेली, त्यात पुष्कळ लहान मुलं.

मी गार्डची मुलगी आहे. हे वाचताना मला त्या शेवटच्या डब्यात हातब्रेकचं चाक आवळणारा माणूस दिसत होता. त्या चाकाला किती वळसे दिले म्हणजे किती धरतं, आणि दहा भरलेल्या डब्यांपुढे ते काहीच नाही, हे त्याला आवळताना कळलं असेल. स्वतः धरणारा ब्रेक त्या दिवशी जगात होता; त्याला १७ वर्षं झाली होती. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेनं कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

वेस्टिंगहाउस इंग्लंडला जाऊन आलेला होता. १८७८मध्ये कॅप्टन डग्लस गाल्टन यांच्याबरोबर त्यानं तिथल्या एका रेल्वेवर मोजमापं केली होती, ब्रेक किती दाबला तर चाक किती धरतं याची. त्यातून एक गोष्ट नीट सिद्ध झाली की चाक पूर्ण जाम झालं आणि रुळावर घसटू लागलं तर गाडी लवकर थांबायच्या ऐवजी उशिरा थांबते. चाक फिरत राहिलं पाहिजे, आणि फिरता फिरता थांबलं पाहिजे. आमच्या क्वार्टरमध्ये प्रत्येक पोराला ठाऊक असलेला एक आवाज आहे, ठक्-ठक्-ठक्-ठक्, गाडीच्या वेगाबरोबर वाढत जाणारा. कुठंतरी चाक जाम होऊन रुळावर घासलं, त्याची गोलाई एका जागी सपाट झाली, त्याचा तो आवाज. अण्णा जेवता जेवता घास हातात धरून ऐकायचे आणि म्हणायचे, “फ्लॅट टायर. सहावी किंवा सातवी वाघीण.”

प्रवासी गाड्यांचं काम झालं, पण मालगाड्यांचं अवघड होतं. अमेरिकेत ५० वाघिणींची गाडी. पुढे दाब उतरला तरी तो निरोप नळीतून शेवटपर्यंत जायला वेळ लागतो. पुढच्या वाघिणी थांबल्या, मागच्यांना अजून पत्ताच नाही, त्या येऊन आदळणार. १८८६मध्ये आयोवातल्या बर्लिंग्टनला सगळ्या कंपन्यांच्या ब्रेकची परीक्षा झाली आणि त्यात कुणीच पास झालं नाही, वेस्टिंगहाउसही नाही. पुढच्या वर्षी परत तेच. मागच्या वाघिणीत बसलेल्या निरीक्षकांचे हाल झाले. विजेनं ब्रेक लावावा असं पुष्कळांचं मत पडू लागलं. वेस्टिंगहाउसनं काही महिन्यांत झडपच बदलली. प्रत्येक झडप आता स्वतःही नळीतली थोडी हवा सोडू लागली, म्हणजे शेजारचीला आधीच कळावं, तिनं पुढचीला सांगावं. पंगतीत ‘वरण संपलं’ हा निरोप वाढप्याच्या आधी कानोकानी टोकाला पोचतो तसं. १८८७च्या अखेरीस ५० वाघिणींची गाडी घेऊन तो गावोगाव फिरला आणि ती थांबवून दाखवली.

बर्लिंग्टनच्या त्या चाचण्या बघायला लोरेन्झो कॉफिन नावाचा आयोवातला एक शेतकरी हजर असायचा. त्यानं एका ब्रेकमनची बोटं जाताना डोळ्यांनी पाहिली होती आणि तेव्हापासून त्यानं हा विषय सोडला नव्हता. पत्रं लिहायची, सभांमध्ये उभं राहून बोलायचं, पुढाऱ्यांच्या मागे लागायचं. २ मार्च १८९३ला अध्यक्ष हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली. रेल्वेला हवेचा ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलर, म्हणजे डब्यांमधले जोड, सक्तीचे झाले. टपावरून पळणारी माणसं खाली उतरली. मला वाटतं, वेस्टिंगहाउसचा पुतळा जिथं असेल तिथं शेजारी या शेतकऱ्याचाही असायला हवा. झडप कितीही उत्तम असली तरी ती विकत घ्यायला भाग पाडणारा कुणीतरी लागतो.

विजेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. १८८६मध्ये त्यानं विजेची कंपनी काढली, १८८८मध्ये टेस्लाची पेटंटं घेतली, एडिसनच्या एकदिश प्रवाहाविरुद्ध प्रत्यावर्ती प्रवाहाची बाजू धरली, १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दिवे लावले, नायगऱ्याच्या धबधब्यावर जनित्रं बसवली. तिथली वीज १८९६मध्ये बफेलो शहरात पोचली. त्याच विजेवर आमच्या घाटात गाड्या चढतात, हेही खरंच. पण त्या भांडणात दोन बलाढ्य माणसं होती आणि पैसा होता. ब्रेकच्या मागे टपावरचा माणूस होता, म्हणून माझं मन तिथं जास्त रमतं.

त्या माणसाचा विचार त्याच्या कारखान्यातही दिसतो. जून १८७१पासून त्यानं कामगारांना शनिवारी अर्धा दिवस सुट्टी दिली. अमेरिकेत ही गोष्ट तेव्हा जवळपास कुणाला माहीत नव्हती. विल्मर्डिंगला नवा कारखाना घातला तेव्हा कामगारांसाठी घरं बांधली. आमच्या घरी शनिवार-रविवार असं काही नव्हतं. अण्णांची रात्र कधी दुपारी उगवायची, दिवाळीचं अभ्यंगस्नान त्यांनी कितीदा तरी एकट्यानं, दोन दिवस उशिरा केलं. म्हणून असेल, पण कुणी मालक दीडशे वर्षांपूर्वी आपणहून म्हणाला की शनिवारी दुपारी घरी जा, हे मला एखाद्या पेटंटइतकंच मोठं वाटतं.

१९०७मध्ये अमेरिकेत आर्थिक घबराट पसरली, बँका बुडाल्या आणि विजेची कंपनी त्याच्या हातातून गेली. ज्या कंपनीवर त्याचं नाव होतं तिच्यातूनच तो काही वर्षांत बाहेर पडला. ब्रेकची कंपनी मात्र टिकली. अखेरच्या दिवसांत तो मोटारगाड्यांसाठी हवेवर चालणाऱ्या स्प्रिंगांच्या खटपटीत होता, म्हणजे पुन्हा हवेकडेच वळला होता. १२ मार्च १९१४ला तो गेला. नावावर ३६१ पेटंटं होती. त्याला खांदा दिला तो ब्रेकच्या कारखान्यातल्या आठ जुन्या कामगारांनी. पुढे १९३०मध्ये पिट्सबर्गच्या शेन्ली पार्कमध्ये त्याचं स्मारक झालं, तेही हजारो कामगारांच्या वर्गणीतून.

आपल्याकडे त्याची हवा फार उशिरा आली. इंग्रजांनी व्हॅक्यूम ब्रेक पसंत केला आणि तोच इथं आला. तोही आपोआप लागणाराच, चिमटाच, पण उलट्या हवेचा. इंजिन नळीतली हवा शोषून घेतं तोवर चाक मोकळं. नळीत बाहेरची हवा शिरली की चाक धरलं. कामाला भरवशाचा, पण त्याचा जोर वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊ शकत नाही, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो. दाबलेल्या हवेच्या ब्रेकमध्ये नळीत पाच किलो असतात. गाड्या लांब आणि जड झाल्या तसा व्हॅक्यूम कमी पडू लागला. ऐंशीच्या दशकात हवेच्या ब्रेकच्या बॉक्सएन वाघिणी आल्या, आणि अर्धी नोकरी व्हॅक्यूमवर काढलेल्या अण्णांना नवा धडा गिरवावा लागला. ती वही तेव्हाची. पहिल्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘इंजिन ५ किलो. ब्रेकव्हॅनचा काटा बघितल्याशिवाय हिरवी दाखवू नये.’

ब्रेकव्हॅनमध्ये मी एकदाच गेले होते, यार्डात उभ्या असलेल्या गाडीत, अण्णांचा डबा द्यायला. लोखंडी बाक, खिडकीला जाळी, आणि भिंतीवर बशीएवढा गोल काटा. समोर दिसेनाशी झालेली लांबच लांब गाडी, इंजिन कुठं आहे ते कळतसुद्धा नव्हतं. काटा शून्यावर होता. अण्णा म्हणाले, थांब जरा, बघ. मग काटा थरथरला. हळूहळू, अगदी दुधाला साय धरते तसा, तो वर सरकू लागला. कुठल्यातरी टोकाला कुणीतरी हवा भरत होतं आणि ती एकेका वाघिणीखालची टाकी भरत भरत आमच्यापर्यंत येत होती. चार किलोच्या पुढे गेल्यावर खाली, पायांखाली, लोखंड हललं. फूस् झालं. चाकं सुटली. “आता उतर,” अण्णा म्हणाले, आणि हिरवा झेंडा उलगडायला लागले.

गेल्या पावसाळ्यात अण्णांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेत होते. आता आम्ही नाशिकला असतो. त्यांना ऐकू कमी येतं. इगतपुरीला गाडी थांबली, बाहेर तेच पांढरं धुकं, वडापाववाल्यांच्या हाका. यार्ड दिसत नव्हतं. आमच्या क्वार्टरची बाजू कुठली तेही मला नीट सांगता आलं नसतं. अण्णांनी चपला काढल्या आणि दोन्ही तळपाय डब्याच्या जमिनीवर सपाट टेकवले. मला वाटलं, पायाला रग लागली असेल. मी विचारलं, “बाम लावू का?” त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं.

समोरच्या बाकावरचं पोर रडत होतं, त्याची आई त्याला केळं सोलून देत होती. सिग्नल झालाय की नाही ते आतून कळत नव्हतं. अण्णा डोळे मिटून बसले होते. मग खालून एक बारीक हिसका आला, इतका बारीक की मला तो आला असं नंतर वाटलं.

“आली,” अण्णा म्हणाले आणि पायानं चपला शोधायला लागले. गाडी त्यानंतर हलली.